'कास्तेयानो आता कुणी वापरत नाही' म्हणे!

खडूस_वाचक: काल इथे एकाने स्पॅनिश भाषेच्या नावावरून ठोकून दिलं: "स्पेनचं नाव एस्पान्या म्हणून भाषा एस्पान्योल. कास्तेयानो हे जुनाट नाव, आता कुणी वापरत नाही." अहो, स्पेनच्या १९७८ च्या घटनेचं तिसरं कलम वाचा. राज्याची अधिकृत स्पॅनिश भाषा कास्तेयानो, असंच लिहिलंय. पेरू, कोलंबियाच्या घटनांतही कास्तेयानोच. उलट एस्पान्योल हाच शब्द बाहेरचा! तो पिरेनीज पर्वतापलीकडून, दक्षिण फ्रान्सच्या ऑक्सितान भाषेतून आला असं बहुतेक भाषातज्ज्ञ मानतात. कास्तियात, म्हणजे कास्तेयानोच्या माहेरी, घडला असता तर 'एस्पान्युएलो' झाला असता. शेजाऱ्यांनी बारसं केलं आणि तुम्ही देशाभिमान कसला सांगताय?

मूळ_धागाकर्ता: घटना राजकारणी लिहितात. भाषेच्या अकादमीनेच १९२५ साली कोशाच्या नावातलं 'कास्तेयाना' काढून 'एस्पान्योला' केलं. मेक्सिकोत जाऊन विचारा.

बार्सिलोनाकरीण: मेक्सिको राहू द्या. माझ्या घरमालकीणबाईंसमोर एस्पान्योल म्हटलं की ऐकवतात, "मग आमची कातालोनियाची भाषा कातालान काय परदेशी?" हुकूमशहा फ्रँकोच्या काळात शाळेत कातालान बोलायची चोरी होती त्यांना.

तिरका_डोळा: आणि स्वतंत्र कातालोनियावाले मुद्दाम एस्पान्योल म्हणतात, 'ती तुमची, आमची नव्हे' म्हणून. त्याचं काय? एका घरमालकिणीवरून अख्खा प्रांत ठरवू नका.

ब्युनोसप्रेमी: कास्तेयानो कसलं, 'कास्तेशानो' म्हणा! अर्जेंटिनाचे पाहुणे घरी राहून गेले, त्यांच्याकडून शिकलो. तोंडी परीक्षेत तसंच बोललो तर बाईंनी गुण कापले. त्यांना म्हणे माद्रिदचाच उच्चार हवा.

खडूस_वाचक: विषय काय, तुम्ही बोलताय काय!

नवशिकी_४०: नाही, हे महत्त्वाचं आहे. आमच्याकडेही धन्यवादाला 'ग्राथिआस' म्हणा नाहीतर चूक. का हो?

माद्रिद_रिटर्न: कारण ती प्रमाण भाषा आहे. पाया नीट हवा.

ब्युनोसप्रेमी: प्रमाण कुणाचं? अख्खी लॅटिन अमेरिका 'ग्रासिआस' म्हणते. स्पेनमध्येच कानारी बेटांवर, अंदालुसियात सेव्हियाला 'स' चालतो. त्यांनाही नापास करा!

माद्रिद_रिटर्न: आवाज चढवू नका. मी तिथे नोकरी केलीय, तुम्ही पाहुण्यांवर भाषा शिकलात.

तिरका_डोळा: आता घरमालकीण विरुद्ध पाहुणे विरुद्ध नोकरी. वा!

मूळ_धागाकर्ता: बरं बाबा, 'कुणी वापरत नाही' एवढं मागे घेतो. पेरूच्या घटनेला साष्टांग दंडवत. बाकी सगळ्यावर ठाम आहे.

ब्युनोसप्रेमी: ते ठीक, पण 'ग्रासिआस'ला गुण का कापायचे, याचं उत्तर माद्रिद रिटर्ननी अजून दिलेलं नाही.