बोर्दोची रेड वाइन मुरते म्हणजे काय होते?
वाइन जितकी जुनी तितकी चांगली, हे नेहमी ऐकू येणारे मत फ्रान्समधील बोर्दो या वाइनच्या प्रदेशातील बहुतांश बाटल्यांना लागू पडत नाही. त्या पहिल्या काही वर्षांतच पिऊन टाकलेल्या बऱ्या. मुरण्याची खरी गंमत बोर्दोतील पोइयाकसारख्या गावांतील, काबेर्ने सोव्हिन्यों द्राक्षाचे प्रमाण जास्त असलेल्या निवडक वाइनमध्ये आहे.

तरुणपणी तिचा रंग गडद जांभळा असतो, वास ब्लॅककरंटचा आणि ओक लाकडाचा येतो, आणि टॅनिनमुळे, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतून येणाऱ्या तुरट द्रव्यांमुळे, कोवळी सुपारी चघळल्यासारखी जीभ आवळते. पुढे टॅनिन आणि रंगद्रव्ये यांचे रेणू एकमेकांशी जोडले जातात, त्यांतील काही गाळाच्या रूपाने खाली बसतात आणि तुरटपणा हळूहळू मऊ होतो. मध्ये काही वर्षे मात्र वाइन अगदी मुकी होते, म्हणजे तिचा वास आणि स्वाद दडून बसतो. अनेक चांगल्या बाटल्या नेमक्या तेव्हाच उघडून वाया घालवल्या जातात. वीसेक वर्षांनी पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरला, तर कडेला विटकरी छटा दिसते, आणि वासात देवदाराचे लाकूड, तंबाखू, चामडे, ओली माती असे काही जाणवू लागते.

नुसता तुरटपणा म्हणजे दीर्घायुष्याची हमी नव्हे. १९७५ च्या हंगामातील द्राक्षांच्या अनेक वाइनमध्ये टॅनिन मऊ होण्याआधीच फळाचा स्वाद ओसरला. उलट १९८२ च्या वाइन सुरुवातीलाच इतक्या मऊ आणि गोलाईदार होत्या की त्या टिकतील का अशी शंका काही जाणकारांनी घेतली, तरी त्यांतील उत्तम बाटल्या अनेक दशके टिकल्या.