मानधन मागण्याचे धैर्य आणि कलम १९

नोकरी सोडून पूर्णवेळ अनुवाद करू पाहणाऱ्या नवोदितांना ‘आधी नाव होऊ द्यावे, पैशांचे नंतर बोलावे’ असा सल्ला दिला जातो; तो मला पटत नाही. वर्षभराची शिल्लक गाठीशी असल्याशिवाय नोकरी सोडू नये, हे मात्र मान्य आहे. मी पहिली तीन पुस्तके अनुवादित केली तेव्हा मानधनाचा विषय काढण्याचे धैर्यच माझ्यात नव्हते, आणि तोंडी ठरलेल्या रकमेत सर्व हक्क कायमचे प्रकाशनसंस्थेचे झाले, असे एका प्रकाशकाने सांगितले, तेव्हा मी ते मुकाट्याने मान्य केले.

पुढे १९५७चा प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा वाचला. त्यातील कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीसह असल्याशिवाय वैध ठरत नाही. करारात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. नवोदितांना हे कोणीच कसे सांगत नाही, याचे मला आजही वाईट वाटते. चौथ्या पुस्तकाच्या वेळी मी मुदत, आवृत्तीगणिक स्वामित्वधन (रॉयल्टी) आणि ध्वनिपुस्तकाचे हक्क यांविषयी कागद समोर ठेवूनच बोललो, आणि आवाज जराही न चढवता दोन्ही बाजूंनी करार दुरुस्त झाला.