वाद्यवृंदातील हॉर्नवादकाची कारकीर्द : डेनिस ब्रेन अपवाद होते का?

यमनप्रेमी (प्रश्न)

कारायान यांच्या दिग्दर्शनाखाली फिलहार्मोनिया वाद्यवृंदाने १९५३ साली ध्वनिमुद्रित केलेले मोझार्टचे चार हॉर्न कंचेर्तो (हॉर्न या गुंडाळलेल्या नळीच्या पितळी सुषिर वाद्याचे एकलवादन आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचना) सध्या मी पुन्हापुन्हा ऐकत आहे. त्यात हॉर्न वाजवणारे डेनिस ब्रेन एकलवादक म्हणून जगभर गाजलेले असतानाही अखेरपर्यंत वाद्यवृंदात बसून वाजवत राहिले, हे वाचून मला नवल वाटले. आपल्याकडे मुख्य कलाकार आणि साथीदार ही विभागणी ठळक असते आणि एकदा स्वतंत्र मैफल करू लागलेला कलाकार सहसा साथीला परतत नाही. हॉर्नवादकाच्या आयुष्यात ही रेषा नसतेच का? आणि रांगेत चार हॉर्नवादक असताना नाव पहिल्याचेच का होते? मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे कार्यक्रम ऐकताना ती रांग मी पाहिली आहे, पण चौघांच्या कामातला फरक मला कळत नाही.

सुषिर

माझ्या मते ब्रेन यांचे एकलवादन वृंदातल्या खुर्चीतूनच उगवले. ती खुर्ची बाजूला काढली, तर त्यांच्या कारकिर्दीचा अर्थच लागणार नाही.

घर हॉर्नवादकांचेच होते. आजोबा आणि काका हॉर्न वाजवत आणि वडील ऑब्री ब्रेन हे बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्राचे पहिले हॉर्नवादक होते. दात आणि ओठांची ठेवण पक्की झाल्याशिवाय मुलाने या वाद्याच्या मागे लागू नये, असे वडिलांचे मत असल्यामुळे डेनिस यांचे रीतसर शिक्षण १९३६ साली लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये सुरू झाले, तेही वडिलांच्याच हाताखाली. १९३८ साली क्वीन्स हॉलमध्ये ते पहिल्यांदा व्यावसायिक मंचावर आले, तेव्हा बाखच्या पहिल्या ब्रांडेनबुर्ग कंचेर्तोमध्ये वडिलांशेजारी बसून त्यांनी दुसरा हॉर्न वाजवला. ही सुरुवात मला फार महत्त्वाची वाटते, कारण शेजाऱ्याच्या स्वरात स्वर मिसळणे हा या व्यवसायाचा पहिला धडा आहे.

युद्धकाळात ते रॉयल एअर फोर्सच्या बँडमध्ये होते. बँडच्या वाद्यवृंदासाठी रेडिओवरील कार्यक्रमांचे संगीत लिहिताना संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांनी त्यांचे वादन ऐकले आणि त्यातूनच १९४३ साली टेनर (उंच पट्टीचा पुरुष गायक), हॉर्न आणि तंतुवाद्यांसाठीची ‘सेरेनेड’ जन्माला आली. तिच्या आरंभी आणि शेवटी हॉर्न एकटाच वाजतो आणि तेही व्हॉल्व्ह (नळीची लांबी बदलणाऱ्या कळा) न वापरता, केवळ नळीच्या नैसर्गिक स्वरांवर. त्यामुळे पियानोच्या सुरांची सवय असलेल्या कानाला त्यातले काही स्वर किंचित सरकलेले वाटतात. पुढे ध्वनिमुद्रण-निर्माते वॉल्टर लेग यांनी १९४५ साली फिलहार्मोनिया आणि संगीत-दिग्दर्शक टॉमस बीचम यांनी १९४६ साली रॉयल फिलहार्मोनिक हे वाद्यवृंद उभे केले आणि काही वर्षे ब्रेन दोन्हींकडे पहिला हॉर्न वाजवत होते. हे शक्य झाले, कारण तिथे मासिक पगाराऐवजी कार्यक्रमागणिक आणि ध्वनिमुद्रणागणिक मानधन मिळत असे. १ सप्टेंबर १९५७ रोजी एडिनबरा महोत्सवात वाजवून रात्रभर गाडी चालवत लंडनला परतताना हॅटफील्डजवळ अपघातात त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा ते अवघे ३६ वर्षांचे होते. आदल्या संध्याकाळचे वादनही वाद्यवृंदात बसून केलेले, चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिम्फनीचे होते.

इझारकाठ

मी म्युनिकमधील एका हौशी वाद्यवृंदात चौथा हॉर्न वाजवतो, त्यामुळे रांगेबद्दल थोडे लिहितो.

चार जणांत पहिला आणि तिसरा हे वरच्या पट्टीचे, तर दुसरा आणि चौथा हे खालच्या पट्टीचे वादक मानले जातात. एफ या स्वरात लावलेल्या हॉर्नची नळी उलगडली तर सुमारे ३.७ मीटर भरते आणि संगीतकार बहुतेक वेळा तिच्या आठव्या ते सोळाव्या हार्मॉनिक (नळीच्या नैसर्गिक) स्वरांच्या टप्प्यात लिहितात. तिथे शेजारचे स्वर इतके जवळ असतात की बोटे तीच ठेवूनही ओठांचा ताण किंचित चुकला तरी भलताच स्वर निघतो, आणि सबंध सभागृहाला तो ऐकू येतो. पहिल्या हॉर्नवादकाला हा धोका रोज उघड्यावर पत्करावा लागतो. त्याचे ओठ महत्त्वाच्या सोलोआधी दमू नयेत म्हणून मोठ्या रचनांत एक सहायक वादक त्याच्या वाट्याचे दणदणीत भाग वाजवतो. इंग्लंडमधले वादक त्याला ‘बम्पर’ म्हणतात.

ब्रेन तर त्यांची प्रसिद्धी झाली तेव्हा अरुंद नळीचा जुना फ्रेंच पिस्टन हॉर्न वाजवत. १९५१ साली त्यांनी माइन्त्सच्या अलेक्झांडर या कारखान्याचा, बी फ्लॅट या स्वरात लावलेला हॉर्न घेतला. तो अधिक भरवशाचा खरा, पण त्यांचा जुना, बारीक, गाता आवाज मला आजही जास्त भावतो.

इथे जर्मनीत व्यवस्था वेगळी आहे. बहुतेक वाद्यवृंद सार्वजनिक निधीवर चालतात. ऑडिशनमध्ये मोझार्टचा कंचेर्तो हमखास मागतात आणि पहिली फेरी पुष्कळदा पडद्याआड होते. निवड झाल्यावर काही काळ उमेदवारीचा असतो, तो पार पडल्यावर सहवादकांच्या संमतीने नोकरी कायम होते. त्यामुळे वादक वृंदात राहूनच एकलवादन करतो, शिकवतो.

यमनप्रेमी

दोघांचेही मनापासून आभार. मग दुसऱ्या आणि चौथ्या खुर्चीवरच्या वादकाला स्वतःचे असे काही वाजवायला मिळतच नाही का?

इझारकाठ

मिळते. बीथोव्हनच्या नवव्या सिम्फनीचा तिसरा, संथ भाग लावा; त्यातला प्रसिद्ध हॉर्न सोलो चौथ्या हॉर्नसाठी लिहिलेला आहे आणि खालच्या पट्टीच्या वादकांच्या ऑडिशनमध्ये तो वाजवावा लागतो. सारा विलिस २००१ साली बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये आल्या, तेव्हा तिथल्या पितळी वाद्यांच्या विभागातल्या त्या पहिल्या महिला ठरल्या, आणि त्याही खालच्या पट्टीच्याच हॉर्नवादक आहेत. त्यांनी हवानातील वादकांबरोबर मोझार्ट ध्वनिमुद्रित केला आहे. ब्रेन यांच्या मुद्रणानंतर लगेच तो ऐकलात, तर एकाच संगीताकडे पाहण्याच्या दोन अगदी वेगळ्या वृत्ती तुम्हाला जाणवतील.