मदत हवी आहे: मारुती 800 चे मागचे ड्रम ब्रेक

नमस्कार मंडळी. वडिलांची जुनी 800 मी खानापूरला वापरतो. जांबोटीवरून चोर्ला घाटाने गोव्याला जाणं-येणं असतं, त्यामुळे ब्रेकचा विषय मला टाळता येत नाही.

पेडल पहिल्या दाबाला खोल जातं, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर आणि घट्ट लागतं. ब्रेक ऑइल कमी होत नाही, चाकांच्या आतल्या बाजूला ओलही नाही. म्हणजे मागचे ब्रेक शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे वाकडे तुकडे) ड्रमपासून, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डब्यापासून, लांब राहिलेत, असं मला वाटतं. इथल्या एका मेस्त्रीने ड्रम न उघडताच हँडब्रेकची केबल आवळून दिली. पेडल तसंच राहिलं, आणि आता डावं मागचं चाक उचलून फिरवलं तर घासतं. थोडं चालवलं की ड्रम हात लावू देत नाही. आधी केबल सैल करून शू ड्रमजवळ आणायचे, केबल सगळ्यात शेवटी, हा क्रम मला पक्का माहीत आहे. केबल ताणलेली असली की शू पूर्ण मागे बसत नाहीत आणि शू-ड्रममधलं अंतर राखणारा आतला अ‍ॅडजस्टरही नीट काम करत नाही.

अडलंय ते ड्रमवर. झिजून कडेला ओठ (उंचवटा) आलाय, शू त्यात अडकतात आणि ड्रम निघत नाही. हातोडा मारायची इच्छा नाही. अ‍ॅडजस्टर मागे घ्यायला बॅकप्लेटकडून (ड्रममागच्या न फिरणाऱ्या पत्र्याकडून) वाट आहे का? आणि बेळगाव, निपाणीकडे ड्रम लेथवर नीट घासून देणारं कोणी आहे का? मोठ्या पावसाआधी काम उरकायचं आहे.