जलपर्णी काढायची टेंडरं आधी की नाल्यांचं मैलापाणी आधी? तुमचं मत सांगा

पाणवठा_पुणे
आमच्या भागातल्या तलावावर थंडी सरताना जलपर्णी पसरायला लागते, मार्चपर्यंत पाणी दिसेनासं होतं, संध्याकाळी डासांनी खिडकी उघडता येत नाही, मग लोक ओरडतात आणि एप्रिलमधे मशीन येतं. काढलेला ढीग काठावरच पडून राहतो आणि पहिल्या मोठ्या पावसात त्यातला बराच परत पाण्यात. पुढच्या वर्षी पुन्हा टेंडर, पुन्हा तेच. माझं मत स्पष्ट आहे, तलावात येणारे नाले बंद होत नाहीत तोवर मशीनवर एक रुपयासुद्धा घालू नये. जलपर्णी वाढते कारण तिला खायला मिळतं. नायट्रोजन आणि फॉस्फरस, आपल्या संडास-बाथरूममधून आणि कपड्याच्या साबणातून. खाणं चालू ठेवून वरचा पाला कापत बसायचं याला उपाय कसं म्हणायचं? उन्हात आणि सकस पाण्यात ती दोन आठवड्यांत दुप्पट होते, मशीन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत मागे परत हिरवं झालेलं असतं. तेच पैसे ड्रेनेज लाइनीला द्या. पटत नसेल तर का ते सांगा.

भीमाकाठ
दादा, राग मानू नका पण हे शहरात बसून बोलणं सोपं आहे. पवना दापोडीला मुळेला मिळते, मुळा-मुठा एक होऊन रांजणगाव सांडसला भीमेला येते, इंद्रायणी तुळापूरला येते आणि हे सगळं पाणी शेवटी आमच्या उजनीत. तुमच्याकडची जलपर्णी पावसाळ्यात पुराबरोबर वाहून खाली येते, तुमचा तलाव मोकळा होतो आणि इथं दौंड-इंदापूरच्या बाजूला थर लागतो. ज्यांचं पोट मासेमारीवर आहे त्यांची होडी त्यातून निघत नाही, जाळं टाकलं तर मुळांत अडकून फाटतं, शेतकऱ्याच्या मोटरीचा फूटव्हॉल्व्ह रोज चोंदतो. खाली ऊन नाही, हवा नाही, मासा मरतो. आणि तुम्ही म्हणताय ड्रेनेज होईपर्यंत थांबा. ड्रेनेज कधी होणार, दहा वर्षांनी? तोवर आम्ही काय खायचं? नाले बंद करा हे शंभर टक्के बरोबर, पण तोवर काढायचंच नाही हे अजिबात मान्य नाही.

रंकाळा_फिरस्ता
मी पाणवठा भावाच्या बाजूनं. कोल्हापुरात रंकाळ्याचं बघा की. आमच्याकडं केंदाळ म्हणतात ह्याला. केंदाळ काढून पाणी मोकळं केलं म्हणून तळं सुधारलं असं झालं नाही, नाल्यातून घाण येतच राहिली आणि मग अख्खं पाणी शेवाळानं हिरवंगार, काठावरनं चालताना नाकाला रुमाल. साधी गोष्ट आहे, खत पाण्यात आहे तर ते कोणीतरी खाणारच, केंदाळ नसंल तर शेवाळ खातंय. रंकाळा म्हंजे आमच्या जिवाचा विषय आहे, सकाळ-संध्याकाळ अर्धं गाव तिथं फिरायला असतंय, म्हणून जीव तोडून सांगतोय, नुसतं वरवर काढू नका, आधी नाले वळवा.

शेतीवाला_अण्णा
एवढी चर्चा कशाला? ग्लायफोसेट हे तणनाशक मारा, दोन-तीन आठवड्यांत पिवळं पडून बसतंय. मशीनपेक्षा कितीतरी स्वस्त. आम्ही बांधावर मारतो, काही होत नाही. काठावर ढीग नको, ट्रक नको, मजूर नको. आपल्याकडे काही ठिकाणी पाण्यावर मारून झालंय आणि गेलीय पण.

रसायन_शिकवते
अण्णा, बांध वेगळा आणि पिण्याच्या पाण्याचा साठा वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मधे ग्लायफोसेटला बहुधा कर्करोगकारक या गटात टाकलंय, त्यावर वाद आहेत हे मान्य, पण केंद्र सरकारनेही ऑक्टोबर 2022 मधे वापरावर बंधन घालून ते फक्त परवानाधारक कीड नियंत्रण करणाऱ्यांच्या हातूनच मारायचं असं ठरवलं. आणि समजा ते विषारी नाही असंही धरलं, तरी मेलेली जलपर्णी जाते कुठे? ती तिथेच बुडते, कुजते, कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाते, मासे मरतात, आणि तिने शोषलेला नायट्रोजन-फॉस्फरस परत पाण्यात येतो. म्हणजे पुढच्या पिकाला खत तुम्हीच घातलंत.

आता पाणवठांनाही एक सांगायचंय. नाले बंद केले की जलपर्णी जाईल हेही अर्धंच खरं आहे. तलावाच्या तळाला वर्षानुवर्षं साचलेला गाळ आहे, त्यातला फॉस्फरस उन्हाळ्यात तळाशी ऑक्सिजन संपला की वर येत राहतो, मैलापाणी आज थांबलं तरी. शिवाय बऱ्याच एसटीपी म्हणजे मैलापाणी शुद्ध करणारी केंद्रं घाण वास आणि बीओडी, म्हणजे पाण्यातली ऑक्सिजन खाणारी सेंद्रिय घाण, कमी करतात पण नायट्रोजन-फॉस्फरस नीट काढत नाहीत, त्यांचं शुद्ध केलेलं पाणी दिसायला स्वच्छ आणि जलपर्णीसाठी मात्र जेवणच. त्यात तिचं बी गाळात पंधरा-वीस वर्षं टिकतं. तेव्हा नाले, गाळ आणि काढणी हे तिन्ही एकदम लागणार आहे, यातलं एक आधी आणि बाकीचं नंतर असं नाही चालत. उलट काढून लांब नेलेली जलपर्णी म्हणजे पाण्यातून बाहेर काढलेलं खत, म्हणून लांब नेणं हाच त्या कामाचा खरा फायदा आहे. काठावर टाकली की तो शून्य.

पाणवठा_पुणे
मॅडम, गाळाचा मुद्दा चांगला आहे, मी मूळ पोस्टमधे तो धरला नव्हता. पण लांब नेणं बोलायला सोपं, तिच्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असतं, दाट वाढीला एका हेक्टरवर काही शे टन निघतात, हे ट्रकमधून वाहायचं म्हणजे आपण पैसे देऊन पाणी वाहतोय. म्हणूनच कंत्राटदार काठावर टाकतो, कारण बिल काढणीचं मिळतं, वाहतुकीचं कुणी मोजत नाही.

भीमाकाठ
मग मोजा की. बिल काठावरच्या ढिगावर देऊ नका, काट्यावर वजन करून डेपोत पोचल्यावर द्या. चार दिवस काठापासून लांब सुकू द्या, वजन निम्म्याहून खाली येतं. हे गावातल्या बाईलाही कळतं, टेंडर काढणाऱ्याला कळत नसेल असं मला वाटत नाही.

भुंगेरा
कुणीच किड्यांचं नाव काढलं नाही म्हणून लिहितोय. नियोचेटिना नावाचे दोन जातीचे भुंगेरे ऐंशीच्या दशकात बंगळूरला आणून तपासून सोडले, ते जलपर्णी सोडून दुसऱ्या कशावर जगत नाहीत, मोठा भुंगेरा पान कुरतडतो आणि अळी देठ पोखरते. तिथल्या काही तलावांत चांगला परिणाम दिसला. केरळात साल्विनिया या दुसऱ्या तरंगत्या पाणतणाच्या बाबतीत तर दुसऱ्या एका भुंगेऱ्याने भाताच्या खाचरांतून ती जवळपास हटवली. मध्य प्रदेशात सारणीच्या जलाशयातही तोच सोडला, जबलपूरच्या तणसंशोधनवाल्यांनी. खर्च किरकोळ, विष नाही, मशीन नाही. आपल्याकडे याच्यावर जोर का देत नाहीत तेच कळत नाही.

रसायन_शिकवते
भुंगेरा, मी विरोधात नाही, पण भीमेच्या खोऱ्यात ते एकट्याने जमणार नाही असं माझं मत आहे. एक तर त्यांना जम बसायला दोन-तीन वर्षं लागतात आणि आपल्याकडे दर पावसाळ्यात पूर झाडांसकट भुंगेरेही वाहून नेतो. दुसरं म्हणजे पाण्यात एवढं खत असेल तर किडा खाईल त्यापेक्षा झाड जोरात वाढतं. आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवरात नव्वदच्या दशकात सोडले, जलपर्णी खूप कमी झाली आणि काही वर्षांनी ठिकठिकाणी परत आली. बंद तलावात जरूर सोडा, पण मग मशीनवाल्याला एक कोपरा सोडायला सांगा, नाहीतर तो भुंगेऱ्यांसकट सगळं उचलून नेतो आणि परत पहिल्यापासून.

दुर्बीणवाला
मला थोडं वेगळं म्हणायचंय, शिव्या पडल्या तरी चालतील. जांभळी पाणकोंबडी, कमळपक्षी, वंचक हे सगळे आज त्याच जलपर्णीवर फिरतात, काही तिथेच घरटी करतात. काठ सगळे दगडी बांधून, जॉगिंग ट्रॅक करून आपण मूळची पाणवनस्पती संपवली, आता उरलेला आडोसा तेवढाच. विणीच्या दिवसांत एकदम सगळं साफ करू नका, काही भाग ठेवा.

रंकाळा_फिरस्ता
पक्ष्यांसाठी केंदाळ ठेवा हे काय पटंना. थंडीत बदकं येतात ती मोकळ्या पाण्यावर उतरतात, केंदाळावर न्हाई. ठेवलेला भाग पंधरा दिवसांत दुप्पट, मग तो भाग राहतोय कुठं?

दुर्बीणवाला
बरोबर, म्हणून जलपर्णीच ठेवा असा हट्ट नाही माझा. काढण्याआधी काठावर पाणकणीस, लव्हाळा, कमळ असलं आपलं काहीतरी लावून रुजू द्या, मग टप्प्याटप्प्याने काढा, आणि ठेवलेल्या भागाला तरंगता अडसर बांधा म्हणजे पसरणार नाही. आत्ता होतं काय, तर भर उन्हाळ्यात एका आठवड्यात सगळं उघडं आणि पिल्लांना लपायला काडी नाही.

बाल्कनीबाग
एक छोटा मुद्दा, मला महत्त्वाचा वाटतो. अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात आणि ऑनलाइन पिस्टिया, साल्विनिया ही तरंगती झाडं सर्रास मिळतात, काही ठिकाणी जलपर्णीही शोभेची म्हणून. टँकमधे जास्त झालं की लोक नाल्यात नाहीतर तलावात टाकतात, गणपतीत निर्माल्याबरोबर सुद्धा टाकताना पाहिलंय. अशी झाडं उन्हात वाळवून मगच कचऱ्यात टाका. बंगालमधे जलपर्णी शोभेची म्हणूनच आली असं सांगतात, आणि तिथे 1936 मधे तिच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला होता, जमीनमालकांनी आपल्या हद्दीतली काढायची असा.

शेतीवाला_अण्णा
खत करा ना मग तिचं, एवढी काढताय तर. गांडूळखत भारी होतं.

रसायन_शिकवते
होतं, पण कारखान्यांचं पाणी येतं तिथली जलपर्णी जड धातू शोषते, ते खत भाजीला नको. आधी लॅबमधे तपासा, नाहीतर झाडं-बगीच्यालाच वापरा. गावातल्या तळ्याची असेल तर बिनधास्त करा.

पाणवठा_पुणे
मशीन बंद करा या माझ्या मागणीला अजून मी चिकटून आहे, फक्त बंद पाण्याच्या तलावांपुरती, जिथून पाणी खाली जात नाही आणि नाले दोन-तीनच आहेत. तिथे आधी नाले वळवायला दोन वर्षंसुद्धा लागू नयेत. नदीचं वेगळं, भीमाकाठ म्हणतात ते मला नदीपुरतं पटलं. आमच्या वॉर्डसभेत दोन मागण्या लेखी देणार आहे, तलावात येणाऱ्या प्रत्येक नाल्याचा नकाशा जाहीर करा, आणि काढणीचं बिल डेपोतल्या वजनावर द्या.

भीमाकाठ
तिसरी पण लिहा. नदीतली जलपर्णी पाऊस यायच्या आधी, मेच्या आत वरच काढा. एकदा पूर आला की ती आमची होते. आणि तुमच्या बंद तलावाचा सांडवा कुठं जातो ते एकदा जाऊन बघा, मग खाली पाणी जात नाही म्हणा.

पाणवठा_पुणे
सांडवा ओढ्यात जातो आणि ओढा मुळेत. तिसरी पण लिहितो.