मदत हवी आहे: श्वासनलिकेत काजळी नाही म्हणजे पेटवण्याआधीच मृत्यू?

ठाण्याच्या कोर्टात ज्युनियर आहे. भाजून मृत्यूच्या एका प्रकरणात मुलीच्या माहेरच्यांच्या वतीने सरकारी वकिलांना मदत करतेय. ओळख पटेल असं काही लिहीत नाही.

पीएम (शवविच्छेदन) रिपोर्टमध्ये श्वासनलिकेत काजळी नाही. मुठी आवळलेल्या, हात कोपरात वाकलेले. कवटीला तडा, आत रक्ताची गाठ. तरी शेवटी "सर्व भाजणे मृत्यूपूर्व" असं मत दिलंय. आईवडिलांची खात्री आहे की तिला आधी मारलं, मग पेटवलं. मुठींचा फोटो दाखवून आई म्हणते, "शेवटपर्यंत झगडली हो ती." मला त्यांच्याशी खोटं बोलायचं नाही, आणि खरं काय ते कळत नाही.

रक्त कालिनाच्या फॉरेन्सिक लॅबला गेलंय, सीए (रासायनिक तपासणीचा) रिपोर्ट यायचाय. डॉक्टरांच्या साक्षीत काय विचारायला हवं? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

ताई, आधी मुठींचं. उष्णतेने स्नायूंतली प्रथिनं गोठून आखडतात आणि वाकवणारे स्नायू जास्त ताकदीचे असल्याने हातपाय मुडपतात. मृतदेह जाळला तरी हेच होतं. त्यावरून ती झगडली की नाही, काहीच कळत नाही. आईला हे तुम्हीच सांगा, भर कोर्टात उलटतपासणीत ऐकायची वेळ येऊ देऊ नका.

स्वरयंत्राच्या खाली काजळी सापडली तर आगीत श्वास चालू होता हे नक्की. न सापडण्याला मात्र तेवढं वजन नाही. अंगावर रॉकेल-पेट्रोल पडून एकदम भडका उडाला, जागा मोकळी असली किंवा गरम हवेने स्वरयंत्र आवळलं, तर जिवंतपणी जळालेल्यातही काजळी नसू शकते. घटना बंद खोलीत घडली की गच्चीत, हे पंचनाम्यात बघा.

सीए रिपोर्टमध्ये कार्बोक्सीहिमोग्लोबिन, म्हणजे धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडशी जोडलं गेलेलं रक्तातलं हिमोग्लोबिन, शोधा. एरवी ते १-२ टक्के असतं, सिगरेट ओढणाऱ्यांत साधारण १० पर्यंत. धुरात कोंडून गेलेल्यांत ५० च्याही वर जातं. रक्ताभिसरण थांबल्यावर ते असं वाढत नाही, म्हणून जास्त आलं तर आग लागली तेव्हा ती जिवंत होती. कमी आलं तर पुन्हा भडक्याची शक्यता उरतेच.

माझ्या मते तुमच्या प्रकरणात खरी मेख डोक्यात आहे. नुसत्या उष्णतेनेही कवटी तडकते आणि मेंदूच्या बाह्य आवरणाबाहेर रक्त साठतं. ती गाठ चॉकलेटी, ठिसूळ, मधाच्या पोळ्यासारखी सच्छिद्र असते. गाठ आवरणाच्या आत असेल, किंवा टाळूच्या कातडीखाली रक्त साकळलेलं असेल, तर माराचा विचार करावाच लागतो. डॉक्टरांना गाठीची जागा, रंग, पोत विचारा.

आणि "मृत्यूपूर्व" कशावरून, तेही. जखमेच्या कडेला लाली होती का, फोडांत प्रथिनयुक्त द्रव होता की नुसती हवा, कातडीचा तुकडा हिस्टोपॅथॉलॉजीला (सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला) पाठवला का? मृत्यूच्या अगदी जरा आधीचं आणि जरा नंतरचं भाजणं वेगळं काढणं आम्हा डॉक्टरांनाही अवघड जातं.

धागाकर्ती

खूप आभार, डॉक्टर. गाठ "एक्स्ट्राड्यूरल", म्हणजे बाह्य आवरणाबाहेरची, एवढंच लिहिलंय. रंग नाही, पोत नाही, टाळूबद्दल अक्षर नाही. शवविच्छेदनाच्या वेळचे फोटो मागण्याचा अर्ज उद्याच सरकारी वकिलांकडे देते. आईला आज संध्याकाळी भेटतेय.