शब्दचर्चा : ‘रेझोल्यूशन’, ‘रेखीव’ आणि ‘वरचं मॉडेल’

चर्चाप्रस्ताव (जळगाव)

मॉनिटर, लॅपटॉप किंवा मोबाइल घेताना ‘रेझोल्यूशन’ हा शब्द आपण सगळेच वापरतो. परंतु त्या एका शब्दाच्या पोटात तीन निरनिराळे अर्थ आहेत, आणि ते वेगळे न केल्यामुळे माणसे पुष्कळदा नको त्या गोष्टीसाठी पैसे मोजतात, असे माझे मत झाले आहे. पडद्यावर आडवे-उभे मिळून किती पिक्सेल, म्हणजे चित्र घडवणारे बारीक ठिपके, आहेत, हा पहिला अर्थ. एका इंचात किती पिक्सेल बसवले आहेत, हा दुसरा. आणि आपण बसतो तेवढ्या अंतरावरून अक्षराची कड डोळ्याला किती स्वच्छ दिसते, हा तिसरा. खोक्यावर पहिला अर्थ छापलेला असतो, गिऱ्हाइकाला मात्र तिसरा हवा असतो. मधला दुसरा अर्थ, जो या दोहोंना जोडतो, तो इथल्या गोलाणी मार्केटमधल्या दुकानांत उभे राहून विचारला तरी सहसा कोणी सांगत नाही.

एक उदाहरण घेऊ. १९२० गुणिले १०८० हा आकडा १५.६ इंची लॅपटॉपवर, २४ इंची मॉनिटरवर आणि ४३ इंची टीव्हीवरही छापलेला असतो. लॅपटॉपवर इंचाला सुमारे १४१ पिक्सेल पडतात, मॉनिटरवर ९२ आणि टीव्हीवर जेमतेम ५१. तिन्हींचे ‘रेझोल्यूशन’ सारखे आहे असे म्हणणे चूक नाही, पण तेवढे ऐकून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. म्हणून पहिल्या अर्थासाठी ‘पिक्सेलसंख्या’ आणि दुसऱ्यासाठी ‘पिक्सेलघनता’ असे शब्द मी सुचवतो. ‘पिक्सेल’ बदलून ‘चित्रबिंदू’ करण्याची मला गरज वाटत नाही. अवकाशयानांनी पाठवलेल्या छायाचित्रांच्या संदर्भात १९६५ साली छापून आलेला हा शब्द आज गावोगावच्या मोबाइलच्या दुकानांत रुळलेला आहे.

खरी अडचण तिसऱ्या अर्थाची आहे. जाहिरातींच्या भाषांतरांत ‘तीक्ष्ण प्रतिमा’, ‘अधिक तीक्ष्ण डिस्प्ले’ असे सर्रास लिहिलेले दिसते, ते मला मान्य नाही. मराठीत तीक्ष्ण असते ती नजर, बुद्धी किंवा शस्त्र. समोर दिसणाऱ्या वस्तूला आपण तीक्ष्ण म्हणत नाही. भौतिकशास्त्रात दुर्बीण आणि सूक्ष्मदर्शक यांच्यासाठी ‘विभेदनक्षमता’ हा शब्द आहे. जवळजवळचे दोन बिंदू वेगळे दिसणे हा त्याचा अर्थ नेमका आहे आणि त्यात पाहणाऱ्याचा डोळाही गृहीत धरलेला आहे, पण दुकानात तो कोणाच्या तोंडी बसणार नाही. माझी पसंती ‘रेखीव’ या शब्दाला आहे, कारण अक्षराची तारीफ करताना आपण पूर्वीपासून तोच शब्द वापरत आलो आहोत.

हा प्रश्न मराठी वाचणाऱ्याला अधिक जवळचा का आहे, हे थोडे विस्ताराने सांगतो. देवनागरी ओळ तीन मजली असते. शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार. मध्ये मूळ अक्षर. खाली उकार आणि ऋकार. बारा पॉइंटाचे अक्षर विंडोजच्या नेहमीच्या मांडणीत, म्हणजे इंचाला ९६ पिक्सेल धरून, १६ पिक्सेलांच्या उंचीत बसवले जाते, आणि वरचे व खालचे मजले वजा केले की मूळ अक्षराच्या वाट्याला त्यातले निम्म्याच्या आसपासच पिक्सेल येतात. एवढ्याशा जागेत ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ वेगळे दाखवायचे असतात. ‘ध’ आणि ‘भ’ यांच्या माथ्यावर शिरोरेषा जिथे तुटते ती फट कमी घनतेच्या पडद्यावर एका पिक्सेलाची असते, कधी तीही बुजते, आणि मग ‘धन’ की ‘घन’ हे वाचणारा अक्षरावरून न ठरवता संदर्भावरून ठरवतो. ‘द्व’, ‘द्ध’, ‘द्द’ आणि ‘द्य’ ही जोडाक्षरे शेजारी शेजारी ठेवून पाहा. २४ इंची फुल एचडी, म्हणजे १९२० गुणिले १०८० पिक्सेलांच्या, मॉनिटरवर पृष्ठ शंभर टक्के आकारात असताना ती एकमेकांत मिसळतात. सातबाऱ्याची पीडीएफ पडद्यावर उघडून गट क्रमांकातला ‘१’ आहे की ‘९’, हे पाहण्यासाठी ज्यांना पान मोठे करावे लागते, त्यांना मी काय म्हणतो ते लगेच पटेल.

मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये जाहीर केलेले क्लिअरटाइप हे तंत्र प्रत्येक पिक्सेलातल्या लाल, हिरव्या आणि निळ्या पट्ट्या स्वतंत्रपणे वापरून अक्षराची कड सुधारते. त्या पट्ट्या शेजारी शेजारी उभ्या असल्यामुळे हा लाभ आडव्या दिशेने मिळतो. रोमन लिपीला तो पुष्कळ उपयोगी पडला. आपली दाटी मात्र उभ्या दिशेने आहे, त्यामुळे अनुस्वार आणि रफार यांची गर्दी त्याने फारशी कमी झाली नाही. तिच्यावर खरा उपाय पिक्सेलघनता वाढवणे हाच आहे.

प्रतिसाद (धुळे)

मी डीटीपी आणि फ्लेक्सच्या कामात आहे, म्हणून आमच्या धंद्यातले शब्द मांडतो. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर आलेला फोटो देऊन दहा फुटी फ्लेक्स मागते तेव्हा आम्ही ‘फोटो फुटेल’ असे सांगतो. काही जण ‘फाटेल’ म्हणतात. पिक्सेल कमी असताना चित्र मोठे केले की कडांना पायऱ्या पडतात आणि चौकोन दिसू लागतात, त्याला हा शब्द आहे आणि तो अगदी चपखल आहे. मराठीत न दिसण्याचेही प्रकार आहेत. शाई किंवा रंग उतरला की अक्षर ‘पुसट’ होते, उजेड कमी पडला की ‘अंधुक’ दिसते, मध्ये धूळ किंवा धुके आले की ‘धूसर’ होते, आणि पिक्सेल अपुरे पडले की ‘फुटते’. या चारांच्या उलट बाजूला अनुक्रमे ‘ठळक’, ‘लख्ख’, ‘स्वच्छ’ आणि आपल्याला हवा असलेला चौथा शब्द येईल. जाहिरातवाले हे चारही गुण एकाच विशेषणात कोंबतात, म्हणून गोंधळ होतो.

‘रेखीव’बद्दल मात्र माझी हरकत आहे. रेखीवपणा हा अक्षराच्या वळणाचा गुण आहे, पडद्याचा नव्हे. एखाद्याचे गिचमिड हस्ताक्षर स्कॅन करून कितीही चांगल्या मॉनिटरवर पाहिले तरी ते रेखीव होणार नाही. फक्त त्याचे गिचमिडपण अधिक स्पष्ट दिसेल. मी ‘सुस्पष्ट’ म्हणेन.

अंतराचा मुद्दाही आमच्याकडे रोजचा आहे. लग्नपत्रिका हातात धरून वाचायची असते, म्हणून तिच्यासाठी इंचाला ३०० पिक्सेलांची फाइल लागते. चौकातला फ्लेक्स रस्त्यापलीकडून पाहायचा असतो, म्हणून त्याला ७२ किंवा त्याहून कमीही चालतात. दोन्ही गिऱ्हाइके ‘क्वालिटी चांगली द्या’ एवढेच म्हणतात.

प्रस्तावक (जळगाव)

आपली हरकत रास्त आहे आणि तिच्यामुळे शब्दाची जागा नीट कळते. ‘रेखीव पडदा’ असे म्हणू नये. पण ‘सुस्पष्ट’ मला अपुरा वाटतो, कारण मोठ्या टंकातले अक्षर फुटलेले असले तरी सुस्पष्ट वाचता येते. रेल्वे स्थानकावरच्या दिव्यांच्या पाट्या हे त्याचे उदाहरण. कदाचित विशेषणाच्या मागे लागण्याऐवजी क्रियापदाकडे वळावे. ‘या पडद्यावर अक्षर कोरल्यासारखे उमटते’, ‘त्या पडद्यावर अक्षर फुटते’ अशी वाक्ये कोणालाही समजतात आणि त्यांत वळणाचा गुण पडद्याच्या नावावर जात नाही.

प्रतिसाद (भुसावळ)

‘फोर के’ या शब्दाचाही खुलासा व्हावा. तो चारपट या अर्थाने आहे असे दुकानदार सांगतात. आमच्याकडे ४३ इंची फुल एचडी टीव्ही आहे आणि मुले फोर के घ्या म्हणून मागे लागली आहेत. टीव्हीसमोर आम्ही आठ-नऊ फुटांवर बसतो. अक्षर खरोखर अधिक चांगले उमटेल का?

प्रस्तावक (जळगाव)

चारपट हे खरे आहे, परंतु नावातला चार त्यासाठी नाही. पूर्वी ‘१०८०’ म्हणताना आपण उभ्या दिशेच्या ओळी मोजत होतो. ‘फोर के’मध्ये आडव्या दिशेचे जवळजवळ चार हजार, म्हणजे ३८४० पिक्सेल मोजले आहेत. मोजण्याची दिशाच बदलल्यामुळे हजारावरून चार हजारांवर उडी गेल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात दोन्ही दिशांनी दुप्पट होऊन एकूण पिक्सेल सुमारे २१ लाखांवरून ८३ लाखांवर जातात.

आता अंतर. सामान्य निकोप डोळा, ज्याला नेत्रतज्ज्ञ ‘सहा बाय सहा’ म्हणतात, साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखतो. ४३ इंची फुल एचडी टीव्हीचा एक पिक्सेल सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि तो या हिशेबाने १.७ मीटर, म्हणजे साडेपाच फुटांपलीकडे वेगळा दिसत नाही. ५५ इंची टीव्हीसाठी हीच मर्यादा सात फुटांच्या आसपास येते. आठ-नऊ फुटांवरून पाहताना आपल्याला वाढीव पिक्सेलांचा लाभ जवळजवळ होणार नाही, त्यातून आपण पाहतो त्या बहुतेक वाहिन्या एसडी किंवा एचडीच असतात. नव्या टीव्हीत रंग किंवा उजेड चांगला असेल तर तो निराळा गुण आहे आणि त्याच्यासाठी टीव्ही घ्यायचा असेल तर तसे म्हणून घ्यावा.

हाच हिशेब टेबलावर उलटा पडतो. मॉनिटर आपण साठ सेंटिमीटरवरून वाचतो आणि तिथे इंचाला १४५ पिक्सेलांच्या खाली पायऱ्या दिसू शकतात. २४ इंची फुल एचडी मॉनिटर ९२ वर आहे. २७ इंची फोर के १६३ वर जातो आणि २४ इंची फोर के १८४ वर. मोबाइल तीस सेंटिमीटरवर धरतात, तिथे ही मर्यादा २९० च्या आसपास येते. ॲपलने २०१० मध्ये ३२६ घनतेचा आयफोन ४ आणताना ‘रेटिना’ हे नाव दिले ते याच हिशेबावर. रेषेतला किंचित खंड डोळा याहूनही बारीक टिपतो, त्यामुळे ४०० घनता अगदीच वाया जाते असे मी म्हणणार नाही. परंतु ४०० वरून ५०० वर जाण्यासाठी चांगला चालणारा मोबाइल टाकून देणे मला पटत नाही. मला खंत याची वाटते की जिथे आपण दिवसाचे सात-आठ तास वाचतो, त्या कार्यालयातल्या आणि अभ्यासाच्या मॉनिटरवर कोणी पैसे घालत नाही, आणि खिशातला मोबाइल मात्र दर दोन वर्षांनी बदलतात. आयबीएमने इंचाला २०४ पिक्सेलांचा २२ इंची मॉनिटर २००१ मध्येच बाजारात आणला होता. तेव्हा तो सामान्यांच्या आवाक्याबाहेर होता, आज त्याच्या जवळपासची घनता साध्या घराला परवडू शकते.

प्रतिसाद (रावेर)

केळीच्या बागेत दुपारी मोबाइल उघडला की घनता कितीही असो, काही दिसत नाही. आमचे वडील ‘अक्षर साफ दिखस नही’ म्हणतात आणि मुलगा नवा मोबाइल घेऊन देतो, पण तक्रार उजेडाची असते. धुळ्याच्या भाऊंच्या वर्गवारीत हे ‘अंधुक’मध्ये बसेल. दुसरे असे की ‘अपग्रेड’ला मराठी शब्द कोणता?

प्रस्तावक (जळगाव)

उन्हातल्या वाचनाबद्दल आपले म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे. तिथे पडद्याचा उजेड पाहावा. तो ‘निट’ या एककात देतात आणि खान्देशातल्या उन्हासाठी पिक्सेलघनतेच्या आधी तोच आकडा विचारला पाहिजे.

‘अपग्रेड’साठी ‘उन्नतीकरण’, ‘श्रेणीवाढ’ हे शब्द कागदावर दिसतात, परंतु बोलण्यात आपण त्याहून नेमके आहोत. आपण रॅम ‘वाढवतो’, एसएसडी ‘टाकतो’, मॉनिटर ‘बदलतो’ आणि मोबाइलचे ‘वरचं मॉडेल घेतो’. वाढवण्यात जुने जागेवर राहते, टाकण्यात जुन्या यंत्रात नवा भाग येतो, बदलण्यात जुने बाहेर जाते. शेवटच्या प्रयोगात कोणता गुण वाढला हे सांगितलेलेच नसते. फक्त वर गेल्याचे कळते. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाकल्यावर जुना लॅपटॉप जो झपाटा दाखवतो, तो पाहता अनेकांना वरच्या मॉडेलची गरजच नसते. म्हणून एकच प्रतिशब्द शोधण्यापेक्षा ही क्रियापदे जपावीत असे मी म्हणेन.

प्रतिसाद (नंदुरबार)

आमच्या कार्यालयात नवे मॉनिटर आले तेव्हा अक्षरे बारीक झाल्याची तक्रार आली, म्हणून सर्वांनी सेटिंगमध्ये जाऊन रेझोल्यूशन कमी करून घेतले. आता अक्षरे मोठी आहेत, पण डोळे दुखतात. यालाही ‘फुटणे’ म्हणायचे का?

प्रस्तावक (जळगाव)

याला मी ‘पसरणे’ म्हणेन. एलसीडी पडद्याची पिक्सेलसंख्या ठरलेली असते. सेटिंगमध्ये ती कमी दाखवली की एका पिक्सेलाचे काम दीड-दोन पिक्सेलांवर ओढून नेले जाते आणि कड माखल्यासारखी दिसते. जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरवर हा त्रास इतका जाणवत नसे, म्हणून ती सवय टिकून राहिली आहे. रेझोल्यूशन मूळ आकड्यावर परत न्यावे आणि त्याच पानावर ‘स्केल’ १२५ किंवा १५० टक्के करावे. अक्षर मोठे होईल, शिवाय त्याच्या वाट्याला पिक्सेलही अधिक येतील. बदल केल्यावर एकदा लॉग आउट करून पुन्हा आत यावे, कारण काही जुने प्रोग्रॅम त्याशिवाय नवे माप उचलत नाहीत.